पहाटेचा रकाना

धुळ्यातल्या देवपुरात थंडी पांझरा नदीवरून येते. दिवाळी होऊन पंधरवडा उलटला की एखाद्या सकाळी नदीकडच्या खिडकीच्या गजाला हात लागतो आणि कळतं, आली. शेजारी कोणीतरी पाचोळा पेटवतं, त्याचा धूर गल्लीभर जमिनीलगत पसरून राहतो. दूधवाला कान बांधून येतो. उन्हाचा एक लांबट तुकडा ओट्यावर पडतो आणि आम्ही म्हातारे त्याच्या मागे मागे खुर्च्या सरकवत दुपारपर्यंत पोचतो. सगळं छान असतं. फक्त माझ्याकडून एक गोष्ट नकळत होते. जाग आली की मी आधी छताकडे बघतो. थेंब दिसतो का, ते बघतो.

आमच्या छताला थेंब कधीच नव्हता. स्लॅबचं घर आहे. तरी बघतो.

यंदा ते वैशालीनं पाहिलं. वैशाली माझी मुलगी, कॉलेजात शिकवते. जावयांसह वरच्या मजल्यावर राहते. वरच्या मजल्याचं सगळं छत आकाशाला उघडं. मे महिन्यात ते तव्यासारखं तापतं आणि डिसेंबरात पहाटे तिथे झोपलेल्या माणसाची हाडं दुखतात. गच्चीवर फोमचा थर देणारा एक माणूस येऊन माहिती देऊन गेला होता. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, असं त्याचं म्हणणं. वैशाली चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "आबा, तुम्ही जन्मभर घरंच बांधलीत. सांगा बरं, याचा खरंच उपयोग होतो का? की नुसतंच आपलं सांगतात?"

मी म्हटलं, "बघून सांगतो."

"त्यात बघायचं काय? होतो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

मी कप खाली ठेवला. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. तेव्हा मी लेखी उत्तर दिलं होतं, खाली सही करून. ते उत्तर खोटं होतं.

---

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो हिवाळा. मी तिशीचा होतो, धुळ्याच्या एका सरकारी ऑफिसात ओव्हरसिअर. साक्रीच्या पलीकडे, डोंगर जिथून चढायला लागतात तिथे, मजुरांसाठी एक वस्ती बांधायची होती. बेचाळीस घरं. मातीच्या विटांच्या भिंती, वर लोखंडी पत्रा. दोन घरं आधी बांधून झाली होती आणि त्यांत माणसं राहायलाही आली होती.

ती वस्ती आठवते ती आधी वासानं. ओल्या मातीचा, निंबाच्या धुराचा आणि गुरांच्या अंगाचा मिळून एक वास. मग उजेड. सकाळी दहाच्या पुढचं ते ऊन, पातळ तुपासारखं, भिंतीवरून हळूहळू खाली येणारं. बायका दळण-निवडण घेऊन उन्हाला पाठ करून बसलेल्या. थंडीच्या दिवसांत दुपारी तिथे कोणीच घरात नसायचं. घर असायचं भाकर ठेवायला. माणसं बाहेर, भिंतीला टेकून, उन्हात.

आमच्याकडे सुकदेव मिस्तरी होते. धरणगावचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, काटक, डोक्याला कायम एक निळा रुमाल. सकाळी "जय भीम, भाऊ" म्हणायचे आणि मग दिवसभर मला चिडवायचे. पत्रा चढवून झाला त्या दिवशी ते घराकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या कोटाला अस्तर आहे का?"

"आहे."

"मग याला का नाही?"

अस्तर कसं द्यायचं ते त्यांना ठाऊक होतं. पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आडवा कूड बांधायचा. कुडावर चार बोटं जाड गारा, म्हणजे कालवलेली माती, पसरायचा. गाऱ्यात गव्हाचा भुसा आणि कापूस. धरणगावच्या जिनिंगमध्ये साफसफाईनंतर मातकट, सरकीच्या तुकड्यांनी भरलेला कापूस पडून असायचा, तो फेकण्याच्याच लायकीचा. मी म्हटलं, कापूस नुसताच का नाही भरत? मिस्तरी हसले. "खाली चूल आहे, साहेब. ठिणगी उडाली की घराची होळी. गाऱ्यात तुडवला की तो जळत नाही, आणि गारा तडकत नाही." आणि मधली ती वीतभर जागा रिकामी का, तर म्हणाले, "रिकामी कुठे? हवा आहे ना. कोंडलेल्या हवेसारखी गोधडी नाही."

पण त्याच्याही आधी त्यांनी दुसरंच काम केलं. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटी. पन्हाळीच्या पत्र्याची प्रत्येक लाट भिंतीवर एक तोंड उघडं ठेवते. मिस्तरींनी चिंध्या गाऱ्यात बुडवून दोन्ही घरांतली ती तोंडं एकेक करून बुजवली. चुलीवरचं धुराचं भोक तेवढं ठेवलं. "आधी वारा बाहेर काढा, मग घराला पांघरूण घाला," म्हणाले. "उघड्या दारात गोधडी पांघरून बसणाऱ्याला काय म्हणाल तुम्ही?"

हे सगळं मी ऑफिसात सांगितलं. आमचे साहेब ऐकून घेणारे होते. ते म्हणाले, दोन घरं तयार आहेत ना, एकाला अस्तर द्या, एक तसंच ठेवा. दोन्हींत थर्मामीटर लावा. उपयोग झाला तर बेचाळीसच्या बेचाळीस घरांना धरू. नाही झाला तर विषय संपला. जानेवारीअखेर अहवाल माझ्या टेबलावर.

वाजवी बोलणं होतं. आजही मला त्यात खोट काढता येत नाही.

---

कोणत्या घराला अस्तर द्यायचं, यावर वस्तीत थोडी कुजबुज झाली. एका घरात उत्तम नावाचा माणूस, बायको आणि तीन लहान लेकरं. दुसऱ्यात यमुनाअक्का आणि तिचा तरणा मुलगा दगडू. अक्का पन्नाशीच्या पुढची, किरकोळ अंगाची, दम्याची. बोलताना दोन शब्दांमध्ये थांबायची, पण तिच्या बोलण्याला तोंड देणारं वस्तीत कोणी नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की अक्काच्याच घराला अस्तर द्यायचं. तीच आडवी आली.

"उत्तमनी लेकरं धाकली शेत," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "एक घर कोरं ऱ्हावालेच पाहिजे ना? मंग मनंच ऱ्हाऊ द्या."

"अक्का, कोरं, बिनअस्तराचं घर तुमचं कसं ठेवू? तुम्हाला दमा आहे."

"दमा मना शे. तुम्ही कसाले खोकतस?" दमा माझा, तुम्ही का खोकता, म्हणे.

सगळे हसले. मग तिनं जरा थांबून, श्वास घेऊन विचारलं, "उपयोग व्हयना तर बठ्ठा घरसले व्हई ना?"

"होईल, सगळ्या घरांना होईल."

"मनाबी?"

"सगळ्यात आधी तुमचं."

हे मी बोललो. कोणी बोलायला लावलं नव्हतं.

उत्तमच्या घराचे पत्रे दोन दिवस उतरवले गेले. अंगणात कापूस-मातीचा गारा तुडवताना बायका, पोरं, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पांढुरके झाले होते. अक्का उन्हात बसून सूचना करत होती. शेवटी आतून पांढऱ्या मातीचा हात फिरवला, आणि त्या घरात पाऊल टाकलं की आवाजच बदलायचा. पत्र्याच्या घरात बोललेलं घणघणतं. इथे बोलणं मऊ व्हायचं, जणू घरानं ते ऐकून ठेवलंय.

---

आता माझी चूक सांगतो. चूक आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या हातून दोन्ही झाल्या, एकीमागून एक.

मी धुळ्याहून सकाळच्या एसटीनं निघायचो, अकराच्या सुमारास वस्तीवर पोचायचो आणि चारच्या गाडीनं परतायचो. म्हणून नोंदी दोन, एक वाजताची आणि तीन वाजताची. तक्त्यात तसे दोन रकाने आखले होते, पट्टीनं, शाईनं. दोन्ही घरांत सारख्या उंचीवर खिळा, खिळ्याला थर्मामीटर. मी काटेकोर माणूस होतो. थर्मामीटरवर श्वास पडू नये म्हणून नाकाला रुमाल धरून आकडा वाचायचो.

आणि दर खेपेला आकडा उलटाच यायचा. पत्रा दुपारच्या उन्हानं तापायचा, म्हणून अक्काचं कोरं घर उबदार. उत्तमचं अस्तराचं घर दोन अंश गार. म्हणजे थंडी घालवायला जो थर दिला त्यानं घर आणखी थंड झालं, असं कागद सांगत होता. आणि ते उबदार घर दुपारी रिकामं असायचं, अक्का बाहेर उन्हात बसलेली असायची, हे कागद सांगत नव्हता. तेच दोन अंश मे महिन्यात, खानदेशच्या उन्हाळ्यात, किती मोलाचे ठरले असते हेही कोणाच्या मनात आलं नाही. प्रयोग हिवाळ्याचा होता.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला अक्कानं मला गाठलं. मी तिच्या घरातून नाकाचा रुमाल सोडत बाहेर येत होतो.

"साहेब, तुम्ही दुपारले येतस," ती म्हणाली. "थंडी काय तुमनी यष्टीमा बठीसन येस का? ती येस पहाटले. तिना टाइम येगळा शे."

उत्तमची बायको तोंडाला पदर लावून हसली. मिस्तरी तर उघड हसले. मीही हसलो आणि बसस्टॉपकडे निघालो. पण ती गोष्ट माझ्याबरोबर धुळ्यापर्यंत आली.

---

जानेवारीच्या मध्यावर एक दिवस चारची गाडी आलीच नाही. कुठेतरी वाटेत बंद पडली होती. संध्याकाळ झाली तशी डोंगरावरून थंडी उतरू लागली. ती खरोखर उतरते, बघता येते. आधी गुरांच्या पाठींवरून वाफ निघते, मग दूरची घरं पुसट होतात. मी उत्तमच्या घरात मुक्काम केला. त्याची लेकरं एका गोधडीत तिघं, गुंडाळलेल्या मुटकुळ्यासारखी. मला झोप लागली ती थेट पहाटे कोंबडा आरवेपर्यंत.

उठलो, काडी ओढली, थर्मामीटर बघितला. तेरा.

मग बाहेर आलो. अंगण दवानं काळं झालेलं, तारे अगदी खाली आल्यासारखे. अक्काच्या घरात चुलीचा उजेड होता. दार ढकललं तर अक्का चुलीपुढे उकिडवी बसलेली, डोक्यावरून गोधडी, आणि त्या गोधडीवर टप, टप, पाणी. मला वाटलं पाऊस आहे. वर बघितलं. घरातल्या माणसांचे श्वास, चुलीवरच्या पाण्याची वाफ, सगळं थंड पत्र्याला आतून चिकटून थेंब झालं होतं आणि पन्हाळीच्या रेषेनं सरकत सरकत खाली पडत होतं. दगडूनं अंथरूण तीनदा सरकवलं होतं, जमिनीवर त्याच्या खुणा होत्या.

"हाऊ पत्रा रोज रडस," अक्का म्हणाली. इतक्या सहज, की शेजारचं पोर रोज रडतं म्हणावं.

मी खिळ्याजवळ गेलो. या खेपेला नाकाला रुमाल धरायचं सुचलं नाही.

"कितलं शे?"

"सात."

"आनि शेजारना घरमा?"

"तेरा."

तिनं आकडे तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. सात. तेरा. मग माझ्याकडे वळली. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा एका बाजूनं लाल होता. "मंग ते चांगलं शे ना?"

"हो अक्का. चांगलं आहे."

"मंग लिखी ल्या."

मी खिशातली डायरी काढली आणि पेन्सिलनं लिहिलं. पहाटे पाच. कोरं घर सात, अस्तराचं तेरा. ती बोटाएवढ्या अंतरावरून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पेन्सिल चाललेली तिला दिसली.

"लिखी ल्यात?"

"लिहिलं."

तिनं मला काळा चहा दिला. कपाच्या कडेवर एक थेंब वरून पडला, तो तिनं बोटानं पुसला.

---

अहवालात ती नोंद नाही.

त्या दिवसांत माझी बायको सुशीला जळगावला होती, माहेरच्या नातेवाइकांकडे, दिवस भरत आलेले. पहिली खेप, त्यात डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. मी जळगावला बदली मागितली होती. साहेबांनी शब्द दिला होता की अहवाल हातात पडला की तुझे कागद पुढे पाठवतो. पहाटेचा एक आकडा तक्त्यात घातला तर पुढचं मला स्पष्ट दिसत होतं. एकाच दिवसाचा आकडा कोणी धरणार नाही. निदान पंधरा पहाटा मोजाव्या लागतील. तोवर थंडी सरेल. म्हणजे पुढचा हिवाळा, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी धुळ्यात.

आणखी एक होतं, तेही आज सांगतो. महिनाभर दुपारचे आकडे मी इतक्या नीटनेटक्या अक्षरांत मांडले होते, की एका न शिकलेल्या बाईच्या एका वाक्यानं ते सगळे निरुपयोगी ठरतात हे मला सहन होत नव्हतं.

साहेबांनी तक्ता बघितला, पेनानं त्यावर टकटक केलं. "अहो, हे तर घर आणखी गार करतंय!" खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. खाली मी एक ओळ लिहिली होती, ती मला पाठ आहे. "अस्तरामुळे घराच्या उबेत वाढ होत नसल्याचे दिसून आले, सबब खर्च अनावश्यक." सबब हा शब्द मला तेव्हा फार भारदस्त वाटायचा.

मिस्तरी ऑफिसात आले तेव्हा मी टेबल आवरत होतो. ते दारातच उभे राहिले. "भाऊ, पहाटेचं लिहिलं होतं ना? अक्का म्हणत होती."

"लिहिलं होतं. वरच्यांनी मानलं नाही."

 त्यांना कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग "बरं" म्हणाले, रुमाल नीट केला, "जय भीम, भाऊ" म्हणाले आणि जिना उतरून गेले. नंतर त्यांची-माझी भेट झाली नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं धरणगावच्या एका माणसाकडून कळलं.

फाल्गुनात वैशालीचा जन्म झाला. मी दवाखान्याच्या दाराशी होतो. मला हवं होतं ते मला मिळालं होतं.

---

माझे सासरे यावलकडचे, केळीचे बागायतदार. पुढच्या हिवाळ्यात आम्ही लेकराला घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी शेतात भरताचा बेत केला होता. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, साली तडतडत होत्या, लोक ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मोडत होते. मी त्या जळणाऱ्या तुराट्यांकडे बघत बसलो होतो. सासरे म्हणाले, "जावईबापू, जेवा ना. वांगं आवडत नाही का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला बागेत नेलं. थंडीचा कडाका होता. बांधाच्या कडेनं पाचोळ्याचे ढीग धुरासाठी पेटवले होते, धूर पानांखाली साचून राहिला होता, आणि त्या धुरात केळीची झाडं एकामागे एक उभी. घडांना कोरड्या पानांचं आणि जुन्या कापडाचं पांघरूण. लहान लेकराला गुंडाळावं तशी प्रत्येक घडाला गाठ मारलेली. सासरे एकेका घडाला हात लावून पुढे जात होते.

"थंडी बघायची तर या वेळेला," ते म्हणाले. "ऊन वर आलं की सगळ्या बागा सारख्याच दिसतात."

मी केळीच्या एका घडाजवळ थांबलो आणि कापडाखाली हात घातला. आत ऊब होती. खरीखुरी, जिवंत. मी हात काढून घेतला. केळीच्या घडाला जे होतं ते मी अक्काला दिलं नव्हतं.

तेव्हा साक्रीची गाडी पकडता आली असती. तेव्हाही नाही पकडली. नंतरची वर्षं कशी गेली ते काय सांगायचं. बदल्या झाल्या, बढती झाली, मी कितीतरी घरं बांधली, आणि दर थंडीत एखाद्या पहाटे छताकडे बघत पडून राहिलो.

---

वैशालीला मी शेवटी म्हटलं, "उत्तर देतो. पण आधी मला साक्रीला ने."

गेल्या महिन्यात आम्ही एसटीनं गेलो. वस्ती ओळखू येत नाही. निम्म्या घरांवर स्लॅब पडलेत, रस्ता डांबरी झालाय. उत्तमच्या घराच्या जागी दुकान आहे. पण एका जुन्या घरावर पत्रा होता, गंजून तांबडा झालेला, आणि ओट्यावर उन्हाला पाठ करून एक म्हातारा होत आलेला माणूस शेंगा सोलत बसला होता. दगडू. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. त्यानं मला आधी ओळखलं.

"ओव्हरसिअर साहेब ना? या, आत या. थंडीतच आलात."

आत पाऊल टाकलं आणि माझाच आवाज मला मऊ ऐकू आला. मी वर बघितलं. तुराट्यांचा कूड, धुरानं काळा पडलेला, जागोजाग गाऱ्याचे नवे हात फिरलेले.

"हे कधी केलं?"

"तुम्ही गेले त्याच वर्षी," दगडू म्हणाला. "वैशाखात सुकदेव मिस्तरी आले. आईला म्हणाले, साहेबांनी पाठवलंय, तुमचं सगळ्यात आधी."

 वैशालीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "दगडू, मी पाठवलं नव्हतं."

"माहीत आहे मला. गारा मीच तुडवला ना त्यांच्याबरोबर. मला म्हणाले होते, मायले नको सांगू." तो शेंगा सोलतच होता. "आईला शेवटपर्यंत वाटायचं तुम्हीच केलं. दहा-बारा वर्षं या घरात राहिली ती. आणि साहेब, तिथूनच सगळा घोटाळा झाला. तिला वाटलं, माझं झालं म्हणजे बाकीच्यांचंही होईल. चार बायका घेऊन धुळ्याला गेली, तुमच्या ऑफिसात."

दगडूनं आणखी एक शेंग फोडली.

"तिथे क्लार्कनं फाइल काढली. म्हणाला, आजी, तुमच्या घरावर प्रयोग झाला, फायदा नाही असं लिहिलंय. आई म्हणे, नाही, सात आणि तेरा लिहिलंय, माझ्यासमोर लिहिलंय. त्यानं पानं उलटून दाखवली. आजी, इथे सात-तेरा काही नाही. त्या बायकांनी गावात येऊन सांगितलं. मग काय, पोरं तिला बघितलं की ओरडायची, सात आनि तेरा! तिला चिडवायचं नावच पडलं ते. आई चिडायची नाही. म्हणायची, मना सामने लिखं त्यानी."

बाहेर उन्हात कोणाचा तरी रेडिओ चालू होता. वैशालीनं पाणी दिलं. मी डायरी बरोबर नेली होती, पुठ्ठा सुटलेली. ते पान काढून दगडूच्या हातात दिलं. त्यानं ते चष्मा लावून, उजेडाकडे धरून वाचलं. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते.  मग चष्मा काढला.

"म्हणजे लिहिलं होतं तुम्ही."

"लिहिलं होतं. दिलं नाही."

त्यानं पान घडी करून आईच्या फोटोच्या चौकटीमागे खोचलं.   निघताना त्यानं वैशालीच्या पिशवीत शेंगा भरल्या.

परतीच्या गाडीत वैशाली बाहेर बघत होती. कापूस वेचून झालेली शेतं, पऱ्हाट्यांचे ढीग, वर उतरतं ऊन.

"मी झाले त्याच वर्षी ना, आबा?"

"हो."

तिनं पुढे होऊन माझ्या बाजूची खिडकी लावली.

---

घरी आल्यावर मी तिला सांगितलं, आधी खिडक्यांच्या फटी बुजव, वरच्या झरोक्याला झाकण कर, दाराखाली पट्टी लाव. मग एकाच खोलीवर थर दे आणि शेजारची तशीच ठेव. दोन्हींत थर्मामीटर टांग. दुपारी बघू नकोस. ज्या वेळी माणसाला सोसवत नाही, त्या वेळी बघ. हिवाळ्यात पहाटे, उन्हाळ्यात दुपारी. आणि ज्याला सर्वांत जास्त सोसावं लागतं त्याला विचार.

आता रोज पहाटे पाचला मी काठी टेकत जिना चढतो. जावई पांघरुणातून डोकं काढून म्हणतात, "आबा, ड्यूटीवर आलात का?" मी आकडे वाचतो आणि लिहितो. त्यांचं उत्तर काय निघायचं ते निघेल.

पण त्या जुन्या अहवालातला एक रकाना रिकामा आहे. ते ऑफिस आता तिथे नाही, फाइल कोणत्या कपाटात कुजली ठाऊक नाही, साहेब गेले, मिस्तरी गेले. त्यामुळे ही दुरुस्ती इथेच, या लेखात, करतो आहे. ज्या कोणी त्या वस्तीत यमुनाअक्काला चिडवलं असेल, ज्यांनी ऐकलं असेल, ज्यांना घरात बसून थेंब मोजावे लागले असतील, त्या सगळ्यांसाठी. ती खोटं बोलत नव्हती. मी तिच्यासमोरच लिहिलं होतं.

पहाटे पाच वाजता. कोरं घर, सात. अस्तराचं घर, तेरा.

लिखी ल्यं, अक्का.